जमिनीवरून उठताना

मागच्या महिन्यात मिशिगनमधल्या ट्रॉयहून एका बाईंचा फोन आला. ओळख नव्हती. मला जो आजार झाला होता तोच त्यांच्या यजमानांना झाला आहे, आणि कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांनी एकच प्रश्न चार प्रकारे विचारला: हे उठतील ना? मी डॉक्टर नाही, म्हणून त्याचं उत्तर दिलं नाही. मला काय झालं ते सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, हे लिहून पाठवाल का, ऐकताना मी नुसती रडत होते, काही डोक्यात शिरलं नाही. म्हणून लिहिते आहे.

यात औषधांची माहिती नाही, ती डॉक्टरांना विचारावी. एका फुटबॉल खेळाडूची मात्र बरीच माहिती आहे. त्याला इलाज नाही. माझं आजारपण सांगायचं तर त्याला वगळता येत नाही.

बूट

मी आजारी पडले त्या वर्षी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, घरात सगळ्यांना फ्लू झाला. सगळे बरे झाले, मीही झाले. मग माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बूट घट्ट असतील म्हणून मी नवे बूट आणले. मुंग्या नव्या बुटांतही आल्या. मी पाण्याच्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर उभी असते, तेव्हा त्याचंही मला फार वाटलं नाही.

डिसेंबर लागला. आम्ही नेपरव्हिलला राहतो. माझा नवरा प्रभाकर रोज सकाळच्या गाडीने शिकागोला कामाला जातो, आणि त्याला स्टेशनवर सोडणं माझ्याकडे असे. एका सकाळी त्याला सोडून परत येताना मी वळणावर ब्रेक दाबायला पाय उचलला आणि पाय आलाच नाही. गाडी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाला जाऊन टेकली, म्हैस गोठ्याच्या भिंतीला टेकते तशी. काही मोडलं नाही. मी आत बसून राहिले. वायपर चालू होते. बर्फ पडत होता आणि मला बरंच शांत वाटत होतं. हे सांगते आहे कारण लोक विचारतात, भीती वाटली असेल ना. त्या वेळी नाही वाटली. ती नंतर आली, दवाखान्यात, हातोडीबरोबर.

डॉक्टर तरुण होता. त्याने रबरी हातोडी माझ्या गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही हलला नाही. मग तो माझ्याशी फार नम्रपणे बोलू लागला. डॉक्टर एकदम नम्र झाले की समजून असावं.

आजाराचं नाव फ्रेंच होतं. सांगितलं ते एवढंच: वायरवरचं रबर निघावं तसं नसांवरचं वेष्टण जातं. खालून सुरू होतं, वर चढतं, कुठेतरी थांबतं आणि मग उतरू लागतं. बहुतेकांचं उतरतं. किती उतरेल ते ज्याचं त्याचं. प्रभाकरने विचारलं, किती वर चढतं? डॉक्टरने आपला हात आधी कमरेशी धरला, मग छातीशी, मग गळ्याशी, आणि म्हणाला, सांगता येत नाही. आमची मीनल तेव्हा सोळा वर्षांची होती. ती त्या हाताकडे बघत होती. लिफ्टचे मजले दिव्यांवर चढताना लोक बघतात तशी.

छत

ते बरगड्यांपर्यंत चढलं आणि थांबलं. हात गेले, पाय गेले, चेहऱ्याचीही एक बाजू गेली. श्वास राहिला. त्यासाठी नर्स येऊन एका नळीत फुंकायला लावायची. फुंकर बरी निघाली की ती समाधानाने मान हलवायची. या बाईला खूश ठेवायचं, बाकी काही नाही, एवढंच माझं त्या दिवसांतलं काम होतं.

डोळे मिटत नव्हते. त्यांत मलम घालून ठेवत, त्यामुळे सगळं दुधाच्या साईतून बघितल्यासारखं दिसे. खिडकी म्हणजे एक पांढरा चौकोन, माणसं म्हणजे कडा नसलेले रंग. मी जागी आहे की झोपेत, ते मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही सांगता येणार नाही. समोर उंचावर टीव्ही होता. त्याचा आवाज बंद असे. रविवारी दुपारी त्यावर फुटबॉल लागे, इथला, बॉल हातात घेऊन पळायचा.

अमेरिकेत येऊन मला पंधराएक वर्षं झाली होती, पण तो खेळ मी कधी धड पाहिला नव्हता. त्या साईतून मला दिसायचं ते असं: बर्फात मोठमोठी माणसं ओणवी होतात, थांबतात, एकमेकांवर आदळतात आणि पडतात. एकावर एक ढीग होतो. मग तो ढीग हळूहळू सुटतो आणि एकेक जण उठतो. माझे वडील नगर जिल्ह्यात एका साखर कारखान्यात केमिस्ट होते, माझं लहानपण कारखान्याच्या आवारात गेलं. गोदामापाशी पोत्यांच्या थप्प्या रचत, ते मी तासन्‌तास बघत बसे. दवाखान्यात मला ती गोदामाचीच दुपार वाटायची. एवढंच की ही पोती पडल्यावर परत उठत होती. मी वाट बघायची. प्रत्येक वेळी सगळी उठायची. मळीचा वास यायचा, उसाचा रस उकळताना येतो तो. दवाखान्यात मळी कुठून येणार? पण यायचा.

आजारपणातल्या उपकारांचं लोक फार मोठं काहीतरी लिहितात. मला आठवतो तो असा: मेरी नावाची एक नर्स जाता-येता न सांगता माझं नाक खाजवून जायची. हात नसलेल्या माणसाला याहून मोठं काही देता येत नाही.

कुंदा

जानेवारीत आजार उतरू लागला आणि मला पुनर्वसनाच्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे झोपू देत नाहीत. सकाळी कपडे स्वतः घालायचे. मला एका बाहीला अर्धी सकाळ लागे. मग व्यायामाची मोठी खोली: गाद्या, लाकडी पायऱ्या, धरून चालायच्या दोन समांतर दांड्या. डोना नावाची थेरपिस्ट होती. ती कधी हसत नसे आणि कधी घाईही करत नसे.

दुपारी कुंदा येई. कुंदा माझी मैत्रीण, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. आमच्या मराठी मंडळात कुणी आजारी पडलं की डब्यांच्या पाळ्या तीच लावते, आणि बऱ्याचशा पाळ्या स्वतःच करते. रोज मऊ भात आणि वरण घेऊन बर्फातून गाडी चालवत यायची, माझ्या गळ्याला टॉवेल बांधायची आणि मला भरवायची. मी तोंड उघडायची. दोघींनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. माणूस आजारी आहे, तर त्याला भरवायचं. आपल्याकडे दुसरं काय करतात?

पलीकडच्या टेबलाशी एक भला मोठा माणूस बसत असे. मानेला कडक पट्टा, डावा हात मांडीवर ठेवलेला. दारातून येताना तो जरा तिरका होऊन येई. तो बरेच दिवस आमच्याकडे बघत होता. एक दिवस म्हणाला, "मॅम, तुमचा हात मोडलाय का?"

मी म्हटलं, मोडला नाही, चालत नाही.

"मग चमचा त्याच्यातच द्यायचा. सांडेल. माझंही सांडतं." त्याने शर्टावरचा सूपचा डाग दाखवला.

कुंदाने मला मराठीत विचारलं, "हा कोण टिकोजीराव?" आणि वर म्हणाली, "त्याला म्हणावं, तू तुझं बघ."

मी त्याला सांगितलं, ती विचारते आहे, तुम्हाला भात हवा का.

त्याने हवा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून कुंदा दोन डबे आणू लागली. पहिल्या दिवशी तिने रागानेच आणला होता. पण कुणी ताट चाटूनपुसून जेवलं की तिचा राग टिकत नाही. तो तिला 'कोच' म्हणायचा, कारण ती उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडायची. त्याचं नाव हॉलिस.

मीनलने त्याला बघितलं आणि दारातच थांबली. "आई, डू यू नो हू दॅट इज?" ती म्हणाली. मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं, हा टीव्हीवर असतो, बॉल घेऊन पळणाऱ्यांना जो अडवतो तो. अकरा वर्षं एका मोठ्या संघात आहे. म्हणजे साईतून मी ज्यांना पडताना आणि उठताना बघत होते, त्यांच्यासारखाच एक.

नागपूर

आता घरातलं. प्रभाकर रोज संध्याकाळी गाडीतून उतरून सरळ हॉस्पिटलात येई, मग घरी जाऊन खिचडी करी. एरवी त्याला चहाही धड येत नसे. आठवड्याआठवड्याला तो बारीक होत चालला होता, आणि काही सुचवलं की चिडायचा. एकदा मी म्हटलं, मीनलच्या कोटाचं बटण तुटलं आहे. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मी एकटा किती करू?"  त्याचं बरोबरच होतं.

त्याची थोरली बहीण, माझ्या विमलवन्सं, नागपूरला असतात. त्यांचा फोन आला. त्यांनी तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती, दिवसभराची बाई ठरवली होती. नर्सने रिसीव्हर माझ्या कानाशी धरला होता. वन्सं म्हणाल्या, "तू ये फक्त. इथे तुला पाण्याचा पेलासुद्धा उचलावा लागणार नाही."

त्या मनापासून बोलत होत्या. हे बोलणं किती प्रेमाचं आहे ते मला कळत होतं, आणि अंगावर काटा आला तोही त्यामुळेच. कारण मी पेला उचलायलाच शिकत होते. तिथे गेले तर मला कुणी तो उचलू देणार नाही, हे मला नक्की ठाऊक होतं. मी पडून राहीन आणि माझं सगळं उत्तम होईल. मीनल शाळेसाठी इथेच राहील, आणि मी तिला फोनवर मोठी होताना ऐकेन.

प्रभाकरने मार्चमधल्या विमानाच्या जागा धरून ठेवल्या. डोनाने त्याला बसवून सांगितलं, दिवसभर घरी एकटी राहणार असेल तर दोन गोष्टी तिला यायला हव्यात. कठड्याला धरून जिना चढणं, आणि पडली तर जमिनीवरून आपलं आपण उठणं. फेब्रुवारीच्या शेवटी आपण तुमच्या घरी जाऊन बघू. प्रभाकर माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन्ही आल्या तर राहा. नाही आल्या तर नागपूर. चालेल?"

मी म्हटलं, चालेल. जिन्याची मला काळजी नव्हती, त्यात कठड्याचा आधार असतो. जमिनीवरून मला तेव्हा कुशीवरही वळता येत नव्हतं.

कोमट पाणी

त्या हॉस्पिटलात इमारतीच्या आतच एक पोहण्याचा तलाव होता. पाणी कोमट, एका बाजूला पूर्ण काचेची भिंत, बाहेर बर्फ. खुर्चीत बसवून यंत्राने आत सोडत. पाणी छातीपर्यंत आलं आणि मी उभी राहिले. खरोखर उभी राहिले. वजनच नव्हतं. काचेपलीकडे बर्फ पडत होता आणि अलीकडे वाफ चढत होती. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, कळत नव्हतं.

हॉलिसची वेळही तीच असे. तो त्या वाफेत गळ्यापर्यंत बुडून उभा राही, मानेच्या पट्ट्यावर डोकं ठेवल्यासारखं दिसे, आणि बोले. जमिनीवर तो मोजकंच बोलत असे. पाण्यात त्याची जीभ सुटे, जशी माझी पावलं सुटत.

संक्रांतीला कुंदाने गूळपोळ्या आणल्या होत्या. हॉलिसने एक घास घेतला आणि चावायचा थांबला. म्हणाला, हा वास मला माहीत आहे. तो लुईझियानातल्या एका गावचा, तिथेही साखरेची गिरणी होती. गाळपाच्या दिवसांत त्याच्या आईच्या केसांना मळीचा वास येई. मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या सदऱ्याला. त्यानंतर पाण्यात आम्ही दोघं कधी कधी नुसतं ते आठवत उभे राहायचो. मी त्याचं गाव पाहिलेलं नाही, त्याने माझं नाही. पण वाफेत ते एकच कारखाना असल्यासारखं वाटे आणि बॉयलर कुठेतरी जवळच चालू असे.

त्याची कारकीर्द मी अशी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. शाळेत असताना तो गिरणीत पोती उचलायचा, तिथे एका प्रशिक्षकाने त्याला हेरलं. कॉलेज झालं. मोठ्या संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याचं नाव अगदी शेवटी शेवटी आलं, त्याच्या आईने तोवर रेडिओ बंद केला होता. पहिलं वर्ष तो बाकावर बसला. दुसऱ्या वर्षी समोरच्या माणसाला वाचायला शिकला आणि तेव्हापासून रोज कुणाच्या तरी वाटेत उभा राहिला. "माझं काम काही करायचं नव्हतं, मॅम," तो म्हणाला. "दुसऱ्याचं होऊ द्यायचं नव्हतं."

बॉल त्याच्या हातात सबंध कारकिर्दीत एकदाच आला. दुसऱ्या कुणाच्या तरी हातून निसटला, उसळला आणि याच्या पोटाशी येऊन थांबला. हा पळत सुटला. पुढे कुणी नव्हतं. सगळा आवाज बंद झाला, त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. शेवटच्या रेषेच्या थोडं अलीकडे मागून एका किरकोळ पोराने त्याचा पाय धरला. "अजून स्वप्नात पळतो," तो म्हणाला. "अजून तिथेच पडतो."

मी विचारलं, मग उठताना कुणाचा तरी हात धरायचास?

नाही म्हणाला. कधीच नाही. खेळात पडलेल्याला हात द्यायची रीत आहे, पण तो घेत नसे. समोरचे बघत असतात, कोण हात घेतो, कुठल्या गुडघ्यावर उठतो. दुपारच्या सुरुवातीला हात घेतलात, की संध्याकाळपर्यंत त्यांना तुमचा दुखरा पाय ठाऊक झालेला असतो. मग ते सारखे तिथेच येतात. म्हणून अकरा वर्षं तो आपला आपण उठला. नोव्हेंबरमध्ये अगदी साध्या धडकेत त्याची मान गेली. तो थंड जमिनीवर पडून होता आणि समोरच्या संघातल्या माणसाने हात पुढे केला. "घ्यावासा वाटला," हॉलिस म्हणाला. "माझा वरच येईना."

शस्त्रक्रिया झाली होती, डावा हात थोडा परतला होता. पुढचा मोसम खेळता येईल का, ते डॉक्टर सांगणार होते. त्याला ते हवं होतं. मला जसं माझं स्वयंपाकघर हवं होतं तसं.

बोटं

जमिनीवरून उठायची रीत डोनाने शिकवली. कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, रांगत सोफ्यापर्यंत जायचं, बैठकीवर हात टेकायचे, एक पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. पहिल्या पाच गोष्टी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मला आल्या. शेवटची येत नव्हती. हात टेकून, पाऊल रोवून मी अर्ध्यापर्यंत यायची आणि थरथरत परत बसायची. दर वेळी कुंदा धावायची. एकदा मीनलने तिचा कोट धरून ठेवला. "काकू, लेट हर डू इट," ती म्हणाली. कुंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची दया आली. पडलेल्याला हात न देणं तिच्या रक्तातच नाही.

हॉलिस भिंतीपाशी खुर्चीत बसून बघायचा. तो माझ्या पायांकडे बघत नसे. एक दिवस म्हणाला, "मॅम, तुमची बोटं बघा."

मी बघितली. सोफ्यावर टेकलेल्या बोटांची टोकं पांढरी पडली होती.

मग त्याने सांगितलं की समोरच्या माणसाला वाचणं म्हणजे हेच. खेळ सुरू व्हायच्या आधी तो ओणवा होऊन एक हात जमिनीला टेकतो. बोटं पांढरी असतील तर सगळं वजन पुढे आहे, तो अंगावर येणार. बोटं हलकी टेकली असतील तर तो मागे सरकणार. तोंडाने माणूस फसवतो, डोळ्यांनीही फसवतो. बोटांना फसवता येत नाही. "तुम्ही हातांनी उभ्या राहताय," तो म्हणाला. "हातांनी कुणी उभं राहत नाही. वजन बोटांतून काढा, त्या पुढच्या पावलावर टाका. ते पाऊल आहे तिथे, मी बघतोय. तुम्हालाच ते आहे असं वाटत नाही."

हे खरं होतं. कित्येक आठवडे पाय नव्हतेच, त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. त्या दिवशी जमलं नाही. नंतर एकदा जमलं, दोनदा जमलं नाही. आणि तो दिवस आला.

घर

मीनलने ते नवे बूट आणले होते, जे मी मुंग्यांसाठी घेतले होते. तिने नाड्या माझ्यासमोर धरल्या आणि बांधल्या नाहीत. मी बांधल्या. वेळ लागला.

घर चमत्कारिक दिसत होतं. कुणीतरी माझ्या आठवणीवरून बांधल्यासारखं. सगळं जागच्या जागी होतं आणि थोडं लहान झालं होतं. पडदे उघडे होते. बाहेरच्या बर्फाचा उजेड छतावर पडला होता, त्यामुळे खोली उलटी टांगल्यासारखी वाटत होती. जिना मी चढले. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. डोनाने मान हलवली. मग तिने मला बैठकीच्या खोलीत गालिच्यावर झोपवलं आणि सगळ्यांना सांगितलं, भिंतीशी उभे राहा, कुणी हात लावायचा नाही.

प्रभाकर, मीनल, कुंदा. मला खालून त्यांचे बूटच दिसत होते.

वळले. गुडघ्यांवर आले. रांगत सोफ्यापर्यंत गेले, गालिच्यावर खिचडीची शितं होती, तीही बघून ठेवली. हात टेकले. पाऊल रोवलं. उठू लागले, आणि अर्ध्यात अडकले. मांडी थरथरू लागली. वर बघितलं तर प्रभाकरचे हात ओव्हरकोटाच्या खिशांत होते. नुसते होते असं नाही, त्याने ते आत कोंबून धरले होते, खिशांचं कापड ताणलं होतं आणि ते खिसे हलत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्यासाठी केलेलं सगळ्यांत कठीण काम ते असावं.

मी बोटांकडे बघितलं. पांढरी होती.

सगळं फार हळू झालं त्यानंतर. टीव्हीवरचा आवाज बंद असताना व्हायचं तसं. मी बोटं सैल सोडली, एक सोडलं, दुसरं सोडलं. टोकांत रंग परत येताना दिसला. वजन कुठे गेलं ते एक क्षण मला कळलं नाही, पाण्यात कळायचं नाही तसं. आणि मग ते पावलात उतरलं. पाऊल तिथे होतं. मी उभी होते, आणि सोफ्यावर माझे हात नुसते ठेवलेले होते.

 कुंदा नाक पुसत म्हणाली, "मी चहा टाकते." प्रभाकरने हात खिशांतून काढले आणि त्यांचं काय करायचं ते त्याला सुचेना. मग तो फोनपाशी गेला आणि विमानाच्या जागा रद्द करायला त्याने नंबर फिरवला. मी उभीच होते. डोनाने सांगितलं, बसलात तरी चालेल. मी म्हटलं, थांबते जरा.

हात

सामान घ्यायला परत हॉस्पिटलात गेले तेव्हा हॉलिस व्यायामाच्या खोलीत गादीवर जमिनीवरच बसला होता, भिंतीला टेकून. पट्टा काढला होता. गळा उघडा आणि एकदम साध्या माणसाचा दिसत होता. मी वॉकर ढकलत त्याच्यापर्यंत गेले आणि सांगितलं, उठले. तो हसला. म्हणाला, कोचने सकाळीच फोन करून सांगितलं.

मग म्हणाला, "माझंही ठरलं, मॅम. संपलं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी एक धडक बसली तर श्वासही राहणार नाही.  मी काय करशील, एवढं विचारलं. गावी जाईन म्हणाला. गिरणी अजून चालू आहे, शाळेत पोरं आहेत, त्यांना बोटं बघायला शिकवीन. खिडकीतून वितळत्या बर्फाचा उजेड येत होता आणि बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. 

मी वॉकरला कंबर टेकवली, एक हात मोकळा केला आणि त्याच्यापुढे धरला. वेडेपणाच होता. त्याच्या एका पायाचं वजनही मला पेललं नसतं. त्याने हाताकडे बघितलं, मग माझ्या वॉकरवरच्या दुसऱ्या हाताच्या बोटांकडे, सवयीने. आणि हात घेतला. उठला तो स्वतःच्याच पायांवर, माझ्यावर त्याने जराही वजन टाकलं नाही. पण पूर्ण उभा राहीपर्यंत त्याने हात सोडला नाही, आणि उभा राहिल्यावरही थोडा वेळ धरून ठेवला.

ट्रॉयच्या बाईंना माझं सांगणं एवढंच. यजमान उठतील का, ते मला माहीत नाही. ते उठायचा प्रयत्न करतील तेव्हा खोल खिशांचा कोट घालून उभ्या राहा. आणि त्यांनी हात पुढे केला तर मात्र आपले हात खिशांत ठेवू नका.